मेनला हात लावायचा न्हाई

आमच्या कोळवणच्या घरी मी पाहुण्यांसाठी अगदी हळू आवाजात सतार लावली होती आणि ती पलीकडच्या डोंगरापर्यंत ऐकू गेली.

पाहुणे म्हणजे साधेसुधे नव्हते. माझी धाकटी बहीण मनीषा हिंजवडीत नोकरीला आहे, आणि तिथेच तिने सौरभ नावाचा मुलगा पसंत करून ठेवला होता. मुलगा पुण्यातला, एकुलता एक. त्याला घेऊन त्याचे आईवडील रविवारी घर बघायला येणार होते. आई जाऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे घराची अब्रू सांभाळायचं काम माझ्याकडे, म्हणजे घरातल्या सगळ्यात बेभरवशाच्या माणसाकडे आलं. मनीषाने मला बजावलं होतं की सौरभच्या आईंना गोंगाटाचा अतिशय तिटकारा आहे. मागे आमच्याच बाजूच्या एका लग्नाला त्या आल्या होत्या, तिथे डीजे लागला आणि त्या अक्षता टाकायच्या आधीच गाडीत जाऊन बसल्या. गावाकडचे लोक म्हणजे दणदणाट, असं त्यांचं ठाम मत झालेलं होतं.

आता हे मत खोडून काढायचं तर सोपा उपाय होता. गप्प बसायचं. पण सौरभच्या वडिलांना संगीताची आवड आहे असं मला कळलं, आणि मी नेमकी तेव्हाच घरात गाण्याची नवी सिस्टीम आणलेली! म्हटलं, पोहे खाताना मागे मंद सतार वाजली पाहिजे. पाहुण्यांना कळलं पाहिजे की कोळवणातही कान असतात.

सिस्टीम म्हणजे दोन डबे आणि दोन स्पीकर. पहिला डबा प्रीॲम्प. तो फोनवरचं गाणं घेतो, आवाज कमी-जास्त करतो आणि पुढे पाठवतो. दुसरा डबा पॉवर ॲम्प, तो ताकद लावतो. (आमच्या भाषेत सांगायचं तर पहिला डबा म्हणजे व्हॉल्व्ह आणि दुसरा म्हणजे मोटर.) पहिल्यातून दुसऱ्यात वायर न्यायची, एवढंच काम. पण प्रीॲम्पच्या पाठीमागे ही भोकं! तीन पिनांची वेगळी, गोल वेगळी. तीन पिनांची चांगली की गोल चांगली, यावर मी कित्येक रात्री मोबाईलवर व्हिडिओ बघितले. दोन्हीकडचे लोक असे तावातावाने बोलत होते की बांधावरून भांडणं लागली आहेत असं वाटावं.

"अहो, माझं स्थळ आलं होतं तेव्हा एवढा विचार केला होतात का?" असं सुनीताने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी विचारलं. मी खरं उत्तर दिलं नाही.

शेवटी मी गोल भोकांवर आलो. तर त्यातही दोन जोड्या. एकीवर इंग्रजीत लिहिलं होतं 'मेन आऊट' आणि दुसरीवर 'आर ई सी आऊट'. रविवारी सकाळी मी वायर हातात घेऊन मेन आऊटकडे वळलो, आणि मागून अण्णा ओरडले.

अण्णा म्हणजे आमचे वडील. विहिरीवरच्या मोटरच्या मेनने त्यांना तरुणपणी असा झटका दिला होता की ते थेट खाचरातल्या चिखलात जाऊन पडले. तेव्हापासून अण्णा विजेच्या बटणाला हात लावत नाहीत. पंखा लावायचा असला तरी दुसऱ्याला हाक मारतात, आणि बल्ब बदलायचा झाला तर अंगणात जाऊन उभे राहतात. त्यांना इंग्रजी येत नाही, पण 'मेन' हा शब्द ते कुठल्याही लिपीत ओळखतात.

"त्येच्यावर मेन लिव्हलंय. मेनला हात लावायचा न्हाई. आज घरात पाव्हणं यायचं हायेत."

मी हसलो. अण्णांना समजावून सांगितलं की हे मेन म्हणजे ते मेन नव्हे, हे मुख्य या अर्थाने आहे. अण्णांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुला कुणी सांगितलं?" आणि खोटं कशाला बोलू, मीही वायर जरा मागे घेतली. तेवढ्यात माझं लक्ष दुसऱ्या जोडीकडे गेलं आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. आर ई सी! म्हणजे रेकमेंडेड! आमच्या ऑफिसातल्या कागदांवर असंच तर लिहितात. कंपनीने स्वतः शिफारस केलेली जागा सोडून मी मेनच्या मागे कशाला लागलो होतो? मी वायर रेकमेंडेड आऊटमध्ये घातली. अण्णा खूश, मीही खूश. आता एकदा वाजवून बघायचं, तर लाईट गेली.

ती दुपारपर्यंत आली नाही. पाहुणे मात्र वेळेवर आले. सौरभच्या आई हळू बोलत होत्या, पेलासुद्धा आवाज न करता ठेवत होत्या. आम्हीही सगळे कुजबुजत होतो. पंखा बंद असल्यामुळे अण्णांनी नवा कडक शर्ट काढून खुंटीला लावला आणि बंडीवर येऊन बसले. मनीषाने स्वयंपाकघरातून मला डोळ्याने खुणा केल्या, पण त्या मला कळल्या नाहीत. सौरभच्या आई खिडकीतून भात कापलेली खाचरं बघून म्हणाल्या, किती शांत आहे हो तुमच्याकडे. मनीषाचा चेहरा असा खुलला की मला वाटलं, जमलं.

आणि लाईट आली.

मी अदबीने उठलो. आवाजाचं बटण डावीकडे पार शेवटपर्यंत फिरवलं, मग उजवीकडे केसभर आणलं. फोनचा आवाज पूर्ण ठेवला होता, कारण व्हिडिओत तसंच सांगतात. सौरभच्या वडिलांकडे बघून जाणकारासारखं स्मित केलं आणि फोनवर सतार लावली.

सतारीची फक्त एक तार छेडली गेली. फळीवरची भांडी खाली आली, गोठ्यातली म्हैस दावं तोडून पळाली, आणि सौरभच्या वडिलांच्या हातातले पोहे सौरभच्या मांडीवर गेले. मी बटण डावीकडे फिरवलं. आवाज तेवढाच. उजवीकडे फिरवलं. तेवढाच. जोर लावला तेव्हा बटणच हातात आलं. सौरभच्या आई कानावर हात ठेवून उभ्या राहिल्या होत्या आणि पर्स शोधत होत्या. मी फोनवर गाणं बंद करायला गेलो, पण बोट घामाने घसरलं आणि मनीषाने सकाळी हिंजवडीहून निघताना पाठवलेला, मी न ऐकलेला व्हॉइस मेसेज सुरू झाला. सतार थांबली आणि सगळ्या खोऱ्यात माझ्या बहिणीचा आवाज दुमदुमला.

"दादा, नीट ऐक. अण्णांना बंडीवर बसू देऊ नकोस. आणि तू तुझ्या त्या डब्यांवर भाषण देऊ नकोस, तुला त्यातलं काही कळत नाही. दादा, हे मोडलं तर मी तुझ्याशी आयुष्यात बोलणार नाही. मला ती माणसं फार आवडलीत रे. सौरभच्या आई बोलायला लागल्या ना, की मला आईची..."

इथे सगळं बंद पडलं. आवाज, पंखा, सगळं.

दारामागच्या मीटरच्या बोर्डाजवळ अण्णा उभे होते. बंडीवर, अनवाणी, मेनचा खटका उघड्या हाताने खाली ओढून. हात अजून खटक्यावरच होता. लेकीसाठी त्यांनी मेनला हात लावला होता.

मनीषा स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन खिळली होती. सौरभच्या आईंनी हातातली पर्स पुन्हा खुर्चीवर ठेवली.

"आईची काय, मनीषा?" त्यांनी विचारलं. "पुढचं राहिलं."

मनीषा मान खाली घालून म्हणाली, "आठवण येते." इतकं हळू, की घरात पंखा चालू असता तर ते ऐकूच आलं नसतं. सौरभच्या आई पुढे झाल्या, तिच्या हातातला ट्रे घेतला आणि तिला जवळ ओढलं.

तेवढ्यात खाचराच्या पलीकडून अण्णांच्या दोस्ताची, धोंडीबाची हाक आली, "अण्णाऽ, शर्ट घाल की लेका, पाव्हणं बसल्यात!"

पहिल्यांदा हसल्या त्या सौरभच्या आई, आणि त्या चांगल्या मोठ्याने हसतात हे आम्हाला तेव्हा कळलं. मग अण्णा हसले, मग सगळेच. सौरभच्या वडिलांनी मांडीवरचे पोहे वेचायला मुलाला मदत केली आणि डब्याच्या मागे डोकावून मला सौम्यपणे विचारलं, की वायर इथे का लावली. मी म्हटलं, कंपनीने रेकमेंड केलंय. आर ई सी म्हणजे रेकॉर्ड, ते म्हणाले. ध्वनिमुद्रणासाठी असतं ते, तिथून आवाज बटणाला न विचारताच बाहेर पडतो. थोडक्यात, मी व्हॉल्व्हच्या अलीकडेच पाईप जोडला होता आणि वर व्हॉल्व्ह फिरवत बसलो होतो. अण्णांनी शर्टाची बटणं लावता लावता विचारलं, "म्हंजी मेनच बरूबर हुतं व्हय?"

लग्न झालं, थाटात झालं. कानपिळीची वेळ आली तेव्हा मी, नवरीचा भाऊ, बाह्या सरसावून सौरभचा कान पिळायला पुढे झालो. सौरभच्या आईंनी मला अडवलं. "आमच्या सगळ्यांचे कान तुम्ही आधीच पिळलेत," त्या म्हणाल्या, "आता त्याची पाळी." सौरभने भर मांडवात माझा कान धरला आणि डावीकडे पार शेवटपर्यंत फिरवला. मी ताबडतोब गप्प झालो. आमच्या घरात आवाजाचं चालणारं एक तरी बटण आहे, हे त्या दिवशी पाहुण्यांना दिसलं.