शिक्का वर

बसा. आधी एक सांगा, विश्वास कुणावर ठेवावा? चार पिढ्या ज्या विहिरीचं पाणी प्यायल्या तिच्यावर, की काल तांग्यातून उतरून "यात किडे आहेत" म्हणणाऱ्या माणसावर? मी हुबळीचा कापडवाला, शाळा चौथीपर्यंत. माणूस असो की कापड, चुरगाळून बघितल्याशिवाय घेत नाही. पण डॉक्टर वामनरावांनी माझ्या दुकानाच्या माडीवर लॅबोरेटरी थाटली आणि किस्से इतके साचले, की कापडाची ठाणं ठेवायला फळीवर जागा उरली नाही!

* * *

पहिल्याच दिवशी ते माझ्या मालावर भिंग धरून बसले. सकाळभर! एक वार घेतला नाही.

"डॉक्टर, भोकं मोजताय होय माझ्या कापडाची?"

"हो. यातून पाणी जायला हवं, किडा नको."

मग माडीवर नेऊन मायक्रोस्कोपखाली पाण्याचा एक थेंब दाखवला. आत एक इवलासा प्राणी टुणटुण उड्या मारत होता. "याच्या पोटात नारूचं पिल्लू असतं. आपण हा पितो, आणि वर्षानं पायातून हातभर दोरा बाहेर येतो."

दोन दिवस मी नुसता चहा प्यायलो!

* * *

उणकलच्या पुढं एका खेड्यात पायऱ्यांची विहीर होती. लोक गुडघाभर पाण्यात उतरून घागरी भरायचे. नारूचा पाय पाण्यात गेला की पिल्लं सुटायची. तिथं एक म्हातारा पोटरीतला नारू काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढत बसलेला.

"अज्जा, निघाला की मला द्या," डॉक्टर म्हणाले.

"का म्हणून? माझ्या पायातला आहे! औषध द्या, मग न्या."

"औषध नाही माझ्याकडं."

"मग डॉक्टर कसले हो तुम्ही?"

"तुमच्या नातवाला होऊ नये, त्याचा डॉक्टर."

चार दिवसांनी म्हाताऱ्यानं नारू काडीसकट केळीच्या पानात बांधून पाठवला.

* * *

एकदा वरचे साहेब पाहणीला आले. माडी बघून हसले. "तुम्हांला परदेशी डिग्री नाही. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्या गावात नारू कमी झाला नाही, तर मायक्रोस्कोप परत करायचा."

"ठीक आहे. पण साहेब, पाय धरताना नारूनं कुणाची डिग्री विचारलेली नाही!"

साहेब गेल्यावर मी म्हटलं, "जरा वाकायचं की डॉक्टर!"

"अण्णा, मी वाकतो तो फक्त मायक्रोस्कोपात बघायला."

* * *

विहिरीच्या पायऱ्या बुजवायच्या म्हटल्यावर गाव उठलं. सगळ्यांच्या पुढं सावित्रक्का, वय ऐंशीच्या घरात, आवाज विशीतला. "बेड! नको म्हणजे नको! पायऱ्या बुजवल्या तर पाय कुठं ठेवू रे? तुझ्या डोक्यावर?"

"ठेवा अक्का. पाण्यात नको!"

बायका हसल्या, पायऱ्या राहिल्या. तह असा झाला, की घरोघरी माझ्या दुपदरी फडक्यातून पाणी गाळायचं आणि नारूचे पाय वहीत मांडायचे.

* * *

वर्ष सरलं. होळीच्या आधीच पाय सुजू लागले, गाळणाऱ्या घरांतसुद्धा! डॉक्टर दोन दिवस माडीवरून उतरले नाहीत. तिसऱ्या दिवशी मीच त्यांना तांग्यात घालून गावात नेलं.

सावित्रक्का दारात पाणी गाळत होत्या. एक घागर भरली. फडकं काढलं, दुसऱ्या घागरीवर टाकलं, पुन्हा ओतू लागल्या. कापडाची बाजू माझ्या नजरेतून कशी सुटेल? मी ओरडलो, "अक्का, उलटं!"

पहिल्या घागरीचे अडवलेले सगळे किडे दुसरीत!

डॉक्टर ओट्यावर चढले. गावासमोर म्हणाले, "चूक माझी. कापड दिलं, बाजू सांगितली नाही. वर्षभर थेंबात बघितलं, घागरीकडं बघितलंच नाही." आणि अक्कांकडं प्यायला पाणी मागितलं. त्याच दुसऱ्या घागरीतलं. "अहो डॉक्टर..." म्हणेपर्यंत तांब्या रिकामा!

त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक फडक्यावर एका बाजूला दुकानाचा लाल शिक्का. शिक्का वर ठेवायचा, बस्स.

साहेबांशी भांडून डॉक्टरांनी आणखी एक उन्हाळा मिळवला. साहेबांची अट एकच, "अक्कांच्या गल्लीत एक जरी पाय निघाला, तर मायक्रोस्कोप उचलणार."

* * *

पुढच्या उन्हाळ्यात गल्लीत एकही पाय सुजला नाही. साहेब मोटारीतून उतरून माडीवर आले, वही चाळली, खूश झाले. "शून्य! मी स्वतः वर कळवतो."

डॉक्टर खुर्चीतून उठले नाहीत. स्टुलावरच्या पायावरून त्यांनी धोतर बाजूला केलं. घोट्यापाशी काडी, काडीला दोरा.

साहेबांनी वही टेबलावर ठेवली. "तुम्ही त्या गल्लीतले नाही. हा धरायचा नाही."

"पाणी गल्लीतलंच होतं, अक्कांच्या घागरीतलं."

"मग मायक्रोस्कोप न्यावा लागेल, वामनराव. विचार करा."

डॉक्टरांनी वही माझ्यापुढं सरकवली.

"अण्णा, तुमचं अक्षर बरं आहे. अक्कांच्या घरासमोर लिहा, एक. हिशेब खरा ठेवा."