थ्री नॉट थ्रीचा धक्का

इथल्या बहुतेक पोस्ट मी आजवर टाइमपास म्हणूनच वाचत आले. भूत, चकवा, लागीर... आपला काडीचा विश्वास नव्हता. होमगार्ड आहे मी, अंबरनाथला. अमावस्येच्या बंदोबस्ताला स्मशानाच्या गेटपाशी उभं राहून वडापाव खाल्लाय. सासूबाई दारावर काय काय बांधतात, त्यावर मी हसायचे. आता हसत नाही.

घर बुवापाड्यात. नवरा विनोद – एमआयडीसीत एका कंपनीत आहे – सासूबाई, मी आणि आमची स्वरा, सहा वर्षांची.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी आमचं फायरिंग होतं. रेंज बदलापूरच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. नेमकी कुठे ते लिहीत नाही. आमच्या हातात येते ती थ्री नॉट थ्री, जुन्या लढायांच्या काळातली लष्करी रायफल. जड धूड नुसतं. लाकडी दस्ता इतक्या हातांतून गेलाय की गुळगुळीत झालाय. गोळी सुटली की तो दस्ता मागे खांद्यावर असा आदळतो की पुढचे काही दिवस वेणी घालायला हात वर जात नाही. म्हणून आम्ही बायका युनिफॉर्मच्या आत मऊ कापडाची घडी ठेवतो. नियमात बसत नाही, पण आमचे उस्ताद, म्हणजे फायरिंग शिकवणारे, काणाडोळा करतात. मी त्या दिवशी कपाटातून स्वराचं तान्हेपणीचं दुपटं काढलं. धुऊन धुऊन मऊ झालेलं, जाडही होतं. बस, एवढाच विचार केला होता.

अकराच्या सुमारास माझा नंबर आला. पालथी झोपले, पुढे वाळूची गोणी. उस्ताद मागून सांगत होते, "सविता, दस्ता खांद्यात घट्ट ओढून घे. गाल चिकटव लाकडाला. श्वास रोख... आता हळू दाब."

दाबला. आवाज झाला, कान बधिर झाले, बंदुकीच्या दारूचा वास नाकात गेला... पण धक्का नाही. रायफल उसळलेली मी डोळ्यांनी बघितली, पण खांद्याला काहीच लागलं नाही. पाचही राउंड तसेच गेले. घाबरायचं सोडून मला तर भारीच वाटलं.

"लागलं नाही तुला?" उस्तादांनी विचारलं.

"नाय उस्ताद. आज एकदम मख्खन."

माझ्यानंतर तीच रायफल सुनीताने घेतली, माझी बंदोबस्तातली जोडीदार. पहिल्याच गोळीला कळवळली बिचारी. तिने तर टॉवेलची घडी घातली होती. येताना गाडीत मी तिची खूप खेचली.

चारला घरी पोचले तर दारात चपलांचा ढीग. शेजारच्या दोघी आत बसलेल्या, सासूबाईंचा चेहरा उतरलेला. स्वरा भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"अगं, अकराच्या सुमारास टीव्ही बघत बसली होती माझ्यासमोर," सासूबाई सांगायला लागल्या. "एकदम किंचाळली. मग थांबली, पुन्हा किंचाळली... असं पाच वेळा. घरात कोण आलं नाय, कोण गेलं नाय. अंगाला हात लावू देत नाय. विनोद ड्युटीवर, तुला किती फोन लावले."

फोन रेंजवर जमा असतात. मी खाली बसून तिचा फ्रॉक खांद्यावरून सरकवला. उजव्या खांद्याखाली काळानिळा लांबट डाग. तो डाग मी ओळखते. मागच्या फायरिंगनंतर माझ्या खांद्यावर तसाच होता. मी शर्टात हात घालून ते दुपटं ओढून काढलं आणि लांब फेकलं.

रविवारी संध्याकाळी दवाखाना उघडा ठेवणारे आमचे डॉक्टर उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये. सिंधी आहेत, स्वराला जन्मापासून बघतात. मी आणि विनोद तिला घेऊन गेलो, एक्स-रे काढला. कॉलर बोनला बारीक क्रॅक. त्यांनी तिला जवळ घेऊन हळूच विचारलं, "बेटा, किसने मारा?"

"आईने."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी अजून युनिफॉर्मवरच होते. "भाभी," ते म्हणाले, "ड्यूटी का गुस्सा बच्ची पे नहीं निकालते."

मी सांगत राहिले की मी दिवसभर बदलापूरला होते, चाळीस माणसं साक्षीला आहेत. विनोदला ते माहीत होतं. तरी परतताना रिक्षात त्याने पोरीला माझ्याकडे दिलं नाही. त्याचंही चुकलं नाही म्हणा... पण ते मला आतवर लागलं.

घरी आल्यावर मी स्वराला विचारलं, "बाळा, मी कुठे होते घरात? नीट आठवून सांग."

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू मागून आलीस. मला घट्ट ओढलंस. गालाला गाल लावलास. मला वाटलं पापी घेतेस... मग मारलंस."

घट्ट ओढ, गाल चिकटव... हे तर उस्तादांचे शब्द. उस्ताद रेंजवर काय सांगतात, ते मी घरात कधीच कुणाला सांगितलेलं नाही.

दुपटं सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी उल्हास नदीत सोडलं. मी अडवलं नाही. ती रायफल नंतरही बऱ्याच जणींनी चालवली, कुणाला काही झालं नाही. इथे कुणाला असं काही माहीत असेल तर सांगा, पण उगाच थापा मारू नका... पोरीचा प्रश्न आहे.

हाड जुळलं, डाग गेला. पण "मी नव्हते गं" म्हटलं की स्वराला मी खोटं बोलतेय असं वाटायचं, अजूनच लांब जायची. शेवटी एक दिवस मी तिच्यासमोर बसले, कान पकडले आणि म्हटलं, "सॉरी बाळा. चुकलं आईचं. परत कधीच नाही मारणार."

तेव्हा कुठे ती मांडीवर येऊन बसली. माझ्या बांगड्या फिरवत तिने विचारलं, "आई... पण मी काय केलं होतं?"