पत्ता सांगणारे मेहुणे

आमच्या मेहुण्यांइतका रागीट माणूस जर्मनीतल्या अख्ख्या हायडेलबर्गात नव्हता, आणि इतका काटेकोरही. बायकोचे हे थोरले मामेभाऊ तिथे आठ वर्षं एकाच पालीवर डॉक्टरेट करत होते. पाल म्हणायची मात्र सोय नव्हती. "गेको म्हणा, जावईबापू! जगात फक्त एका बेटावर, एका टेकडीवर राहतो तो. तुमच्या ट्यूबलाइटमागे नाही!" असं म्हणून ते पुढ्यातलं ताट बाजूला सारत. अंगठ्याएवढा तो जीव, अंगावर लाल-पांढरे ठिपके, पण त्याचा मान जावयापेक्षा मोठा. पोह्यांत मीठ चवीपुरतं घाला म्हटलं तरी भडकत. "चवीपुरतं म्हणजे किती ग्रॅम?" घराचा पत्ता विचारला तर ट्रामच्या स्टॉपपासूनची पावलं सांगत. गेको कुठे सापडतो हेही त्यांनी शोधनिबंधात असंच लिहिलं होतं: कुठला उतार, कुठली पायवाट, कुठला कुजका ओंडका. मला ते पान दाखवून म्हणाले, "गेनाऊ! अगदी अचूक! पत्ताच नीट नसेल तर ते शास्त्र कसलं हो?"

एकदा ते नेकारसुल्मला आमच्याकडे आले असताना मीच त्यांना सरपटणाऱ्या प्राण्यांच्या बाजाराला नेलं. म्हटलं, खूश होतील. चौथ्याच टेबलावर प्लास्टिकच्या डबीत त्यांचा गेको बसला होता, झाकणावर किमतीची चिठ्ठी. "कुठून आणलात?" त्यांनी विचारलं. विक्रेत्याने कौतुकाने एक छापील कागद पुढे केला. "जा, यात सगळं लिहिलंय. ओंडकासुद्धा." वर मेहुण्यांचंच नाव होतं.

आता हॉल दणाणणार म्हणून मी वाट पाहिली. शेवटी मीच ओरडलो. इथे रविवारी कोणी काचेची बाटली डब्यात टाकली तर आवाज झाला म्हणून शेजारी दारावर चिठ्ठी लावतात, आणि हे असं उघड्यावर विकता? लाज नाही वाटत? "आल्झो, हे बघा, याला इथे बंदी नाही," विक्रेता शांतपणे म्हणाला. आजही ते आठवलं की माझं डोकं फिरतं.

मेहुण्यांनी माझा दंड धरला. "चला. यांना मीच पाठवलंय तिथे." गाडीत एवढंच म्हणाले, "टेकडी केवढीशी आहे हो. चार माणसं पोचली तरी संपेल सगळं."

पुढे ते येना शहरात राहायला गेले. त्यांच्या नव्या निबंधात जागेच्या रकान्यात एकच शब्द आहे: बेट. आम्ही भेटायला गेलो तेव्हा पत्ता न सांगता ते स्टेशनवरच घ्यायला आले. घरी त्यांनी पोहे केले. मी मुद्दाम कळ काढली, "मीठ किती घातलंत?"

"घातलंय चवीपुरतं."

त्यांनी ताट सारावं, मला चांगलं झापावं, असं फार वाटलं. पोहे अळणी झाले होते. मी दुसऱ्यांदा मागून घेतले.