धुरी न दिलेलं बाळ

माझा भाचा सातव्या महिन्यातच जन्मला. दादाची, म्हणजे माझ्या भावाची, ड्यूटी सीमेवर. मी आणि वहिनी दिल्ली कॅन्टमधल्या क्वार्टरमध्ये राहायचो. मी कॉलेजसाठी, ती त्याच्या बदलीची वाट बघत. बाळ बरेच आठवडे काचेच्या पेटीत होतं. घरी सोडताना सिस्टरने बजावलं, "किसी को मुँह पास मत लाने देना. और धुआँ बिल्कुल नहीं." वहिनीने ते व्रतासारखं पाळलं. बारसं पुढे ढकललं. शेजारच्या बायका दारातूनच बाळ बघून जायच्या.

मग साताऱ्याहून आई आली. पिशवीत ओवा, बाळंतशेपा, वावडिंग. आंघोळीनंतर धुरी दिली की बाळाच्या छातीत कफ धरत नाही, असं तिचं म्हणणं. आम्हा दोघांना तिने तसंच वाढवलं होतं.

"आई, नको ना," वहिनी म्हणाली. "दिल्लीत बाहेर काय कमी धूर आहे?"

"तो धूर वेगळा, हा वेगळा. डॉक्टरांच्या नादी लागून पोराची छाती भरेल."

"अहो, त्याची फुप्फुसं अजून कच्ची आहेत."

"जन्मताना सगळ्यांचीच कच्ची असतात गं."

मग आई माझ्याकडे बघायची. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, तेव्हा मला सगळं कळतं असा तिचा समज. मी बी.ए. करते. फुप्फुसांबद्दल मला वहिनीइतकंही माहीत नव्हतं. तरी मी वहिनीची बाजू घेतली. पिशवी ओट्याखाली गेली.

थंडी वाढली आणि बाळाला शिंका आल्या. एवढंच. दुसऱ्या दिवशी ते दूध ओढेना. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडू लागला. आम्ही हॉस्पिटल गाठलं.

"वायरस है," डॉक्टर म्हणाले. "घर में किसी को ज़ुकाम था?"

आम्ही तिघी एकमेकींकडे बघत राहिलो. वहिनीचा घसा धरला होता, माझं नाक वाहत होतं, आई तर रेल्वेतून उतरली तीच खोकत. या दिवसांत दिल्लीत कोणाला नसतं? मोठ्या माणसाला हा विषाणू नुसती सर्दी देऊन जातो, डॉक्टरांनी सांगितलं. वेळेआधी आलेल्या बाळाला झेपत नाही. त्यावर खास औषध नाही. ऑक्सिजन द्यायचा आणि वाट बघायची.

"औषध नाही म्हणजे?" आई मला विचारत होती. "एवढं मोठं हॉस्पिटल, आणि औषध नाही?"

"नाही गं आई."

"मग धुरी तरी द्यायची होती."

वहिनीने ऐकलं. धुरीने त्रास वाढलाच असता, हे मला आईला सांगायचं होतं. पण न देऊन तरी काय वाचलं होतं? आम्ही सगळं सांगितल्याप्रमाणे केलं होतं. दोष द्यायला काहीतरी हवं, म्हणून आई धुरीला धरून बसली होती. माझ्याकडे तेवढंही नव्हतं.

बाळ बरं होऊन घरी आलं. महिनाही झाला नसेल, पुन्हा तेच. या वेळी त्याला मशीनवर ठेवलं.

दादाचा फोन आला. "येऊ का? आत्ता सुट्टी घेतली तर नंतर मिळायची नाही. तू डॉक्टरांना विचार आणि मला खरं काय ते सांग. उगाच धीर देऊ नकोस."

मी विचारलं. त्यांनी हातातली फाइल बंद केली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "बुला लीजिए."

फोनवर मी फक्त "दादा, ये" म्हणाले.

"काय म्हणाले गं डॉक्टर?" बाकावरून आईने विचारलं.

"दादाला बोलवून घ्या म्हणाले."

"बरं झालं," आई म्हणाली. "बाप जवळ असला की पोराला बळ येतं."

वहिनीने माझ्याकडे एकदाच पाहिलं. बाळाला नळीने द्यायचं दूध काढायची तिची वेळ झाली होती. तिने वाटी उचलली आणि ती पडद्याआड गेली.