भाऊसाहेबांच्या तीन खोट्या नोंदी

दिल्लीच्या आर. के. पुरममध्ये भाऊसाहेब धामणकरांना मंत्रालयातले अधिकारी म्हणून फार कुणी ओळखत नसे. ते 'गाडीवाले भाऊसाहेब' होते. त्यांची २०१३ सालची करडी टर्बो पेट्रोल गाडी दोन लाख किलोमीटरच्या जवळ आली होती, तरी सकाळी सुरू झालेली त्यांच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या मला ऐकू येत नसे.

कुणी विचारलं की ते समजावून सांगत. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. फिरतो अफाट वेगानं, तापतो लालबुंद होईपर्यंत, आणि त्याला आधार काय, तर ऑइलचा पातळ थर. म्हणून कंपनीच्या पुस्तकात पंधरा हजार किलोमीटर लिहिलंय तरी आपण साडेसात हजारांवर ऑइल बदलायचं. दिल्लीच्या धुळीत एअर फिल्टर पुस्तकाची वाट बघत नाही. रबराचे पाइप दर उन्हाळ्याआधी हातानं दाबून बघायचे, कडक लागले की काढून टाकायचे. आणि हायवेवरून आलात की लगेच चावी फिरवायची नाही, टर्बो निवेपर्यंत गाडी मिनिटभर तशीच चालू ठेवायची. मराठी मंडळाच्या गणपतीला उशीर झाला तरी ते मिनिटभर गाडीतच बसून राहायचे आणि त्यांच्या पत्नी प्रमोदिनीताई बाहेर उभ्या राहून म्हणायच्या, "चला आता, आरती संपेल."

झालेल्या प्रत्येक कामाची ते वहीत नोंद ठेवत. तारीख, किलोमीटर, काय बदललं. गाडी घ्यायच्या आधी आमच्या सेक्टरमधली माणसं ती वही बघायला येत.

मग त्यांच्या मुलाला, आशयला, जयपूरला जुळी झाली. प्रमोदिनीताई जवळजवळ वर्षभर तिकडेच राहिल्या. भाऊसाहेब दर शनिवारी जयपूरला निघत, रविवारी संध्याकाळी परत. नातवंडांपर्यंत पोचायची इतकी घाई असायची की फाटकात गाडी थांबली रे थांबली की चावी काढून हे जिन्यावर. रविवारी, गॅरेजच्या वेळेला, ते दिल्लीत नसतच. पुढच्या आठवड्यात, पुढच्या आठवड्यात करता करता चोवीस हजार किलोमीटर एकाच ऑइलवर झाले.

डिसेंबरात गाडी सकाळी निळसर धूर सोडायला लागली. फरीदाबादला सतपाल मिस्त्री होता, भाऊसाहेबांची गाडी पहिल्यापासून त्याच्याच हातातली. त्यानं पाइप काढला, आत बोट घालून टर्बोचा दांडा हलवला, तो सैल लागला तसं तोंड वाकडं केलं.

"साहब, शाफ्ट में प्ले आ गया है. सील भी गई. अभी चलेगी, पर किसी दिन हाईवे पे दगा देगी. बदलवा लो."

"होली के बाद देखते हैं," भाऊसाहेब म्हणाले.

एप्रिलमध्ये ते निवृत्त होणार होते. फरीदाबादला फ्लॅट घेतलेला, आशय नवी गाडी पाठवणार होता. जुनी विकायची आहे हे ऐकून लतिका शेवडे आल्या. त्या दुसऱ्या एका मंत्रालयात नोकरीला, आमच्याच मंडळातल्या. नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगी मयुरा बारावीला होती आणि तिला डिझाइनच्या कॉलेजात जायचं होतं. तिला क्लासला न्यायला-आणायला गाडी हवी होती.

"सगळे म्हणतात, जुनी टर्बो गाडी घेऊ नका," लतिकाताई म्हणाल्या. "पण तुमची असेल तर मी डोळे झाकून घेईन. वही तेवढी द्या."

"वही रविवारी देतो," भाऊसाहेब म्हणाले.

त्या रविवारी दुपारी त्यांनी वही उघडली. जयपूरच्या वर्षाचं पान कोरं होतं. पुढे काय झालं ते त्यांनी मला स्वतः सांगितलं, नजर न उचलता. "खरं सांगून विकता आली असती. टर्बो बदलून देता आला असता. पैशाची अडचण नव्हती हो. पण मी, ज्यानं अख्ख्या सेक्टरला शिकवलं, त्यानंच गाडी अशी वापरली, हे तिच्या तोंडावर कसं सांगू, असं झालं." त्यांनी तीन तारखा घातल्या, पुढे तीन आकडे. तिन्ही ठिकाणी 'ऑइल व फिल्टर बदलले'. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं म्हणाले.

गाडी गेली. मे महिन्यात मयुराची प्रवेश परीक्षा होती, केंद्र ग्रेटर नोएडाला. सकाळी मायलेकी वेळेत निघाल्या. एक्सप्रेसवेवर गाडीचा जोर एकदम गेला, शिट्टीसारखा आवाज आला आणि मागे पांढराधोप धूर. लतिकाताईंनी गाडी कडेला घेतली. तिथे रिक्षा नाही, कॅबवाले पत्ता बघून नकार देत होते. एक टेम्पोवाला थांबला, त्यानं दोघींना केंद्रापर्यंत सोडलं. फाटक बंद होऊन पंचवीस मिनिटं झाली होती. मयुरा फाटकाशी हॉलतिकीट हातात धरून उभी राहिली. कुणी आत घेतलं नाही.

गाडी ओढून सतपालकडे नेली. त्याच्या मनात काही नव्हतं, तो सहज बोलून गेला, "मैडम, मैंने तो साहब को दिसंबर में ही बोल दिया था."

दुसऱ्या दिवशी लतिकाताई फरीदाबादला धामणकरांच्या घरी आल्या. मी तिथेच होतो, नवं घर बघायला गेलेला. त्या बसल्या नाहीत.

"भाऊसाहेब, सतपाल सांगतो ते खरं आहे का?"

"अहो, हे मिस्त्री लोक..." भाऊसाहेब हसल्यासारखं करून म्हणाले, "काम निघालं की काहीही सांगतात."

प्रमोदिनीताई स्वयंपाकघराच्या दारात आल्या. "मागच्या वर्षी आपण ऑइल कधी बदललं? प्रत्येक शनिवार तर तुम्ही जयपूरला होतात. खरं सांगा त्यांना."

मग भाऊसाहेबांनी सगळं सांगितलं. सतपालचं, चोवीस हजारांचं, त्या दुपारचं. लतिकाताई ऐकत राहिल्या. चिडल्या नाहीत, ते मला जास्त लागलं.

"मी गाडी घेतली नव्हती, भाऊसाहेब," त्या म्हणाल्या. "मी तुमचा शब्द घेतला होता."

"मी गाडी नीट करून देतो. मयुराचं जे काही..."

"गाडी करून द्या. मयुराचं नाव घेऊ नका."

नऊ दिवस भाऊसाहेब रोज सकाळी सतपालकडे जाऊन बसले. टर्बो फुटून त्याचे तुकडे आत गेले होते, इंजिन उतरवावं लागलं. नवा टर्बो, नव्या ऑइलच्या नळ्या, सगळं आतून धुऊन काढलं. सतपालनं एकदाही 'मैंने बोला था' म्हटलं नाही. गाडी परत नेऊन दिली तेव्हा दार मयुरानं उघडलं. चावी घेतली. भाऊसाहेब तिथेच घुटमळत राहिले तेव्हा ती म्हणाली, "काका, इट्स ओके. मी पास झालेच असते असं थोडीच आहे."

हे मला सांगून भाऊसाहेब म्हणाले, "ती झालीही असती. नसतीही. मला ते कधीच कळणार नाही, आणि तिलाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

मयुरानं पुढच्या वर्षी परत परीक्षा दिली नाही. कॉमर्सला प्रवेश घेतला. चांगलं चाललंय तिचं, असं ऐकतो. लतिकाताई मंडळात दिसल्या की भाऊसाहेबांशी बोलायच्या, पण हिंदीत. "नमस्ते, कैसे हैं आप?" परक्यांशी बोलावं तसं. आधी तासन्‌तास मराठीत गप्पा मारणारी ही माणसं. मंडळात इतर कुणाला यातलं काही ठाऊक नव्हतं. लतिकाताईंनी ते कुणाला सांगितलंच नाही.

गाडीबद्दल कुणी विचारलं तर भाऊसाहेब आता सतपालचा नंबर देतात आणि विषय बदलतात. नवी गाडी प्रमोदिनीताई चालवतात. साठीला आल्यावर शिकल्या, बऱ्यापैकी चालवतात.

गेल्या संक्रांतीला भाऊसाहेबांनी मनाशी ठरवलं, एकदा जाऊन नीट माफी मागायची. फरीदाबादच्या घरात ती मागितली गेलीच नव्हती. कबुली दिली होती, माफी मागितली नव्हती, हे त्यांना खूप उशिरा जाणवलं. तिळगुळाचा डबा घेऊन ते मेट्रोनं आर. के. पुरमला आले, जिने चढले, लतिकाताईंच्या दाराची बेल वाजवली. दार एका अनोळखी बाईनं उघडलं. लतिकाताईंची नोव्हेंबरातच बदली झाली होती. कुठे, ते तिला माहीत नव्हतं.

"किससे मिलना था अंकल?" तिनं विचारलं.

"किसी से नहीं, बेटा," भाऊसाहेब म्हणाले, आणि डबा तिच्याच हातात देऊन जिना उतरले.