भोंग्याआधीचा सूर

आमच्या थोरल्या मामांना एका जागी बसलेलं मी फक्त फोटोत पाहिलं आहे, आणि त्या फोटोतही त्यांचा उजवा हात हललेला आहे. जेवताना दारावर कुणी टकटक केली तर ते कोण आहे बघायला उठायचे, आणि बराच वेळ कुणी केली नाही तर का केली नाही ते बघायला उठायचे. घरात त्यांना सगळे भोवरा म्हणत. आजोबांनी त्यांना चेलो शिकायला घातलं ते काही संगीताच्या प्रेमापोटी नव्हे. बासरी चालता चालता वाजवता येते, व्हायोलिन उभ्यानं वाजवता येतं; हे धूड मात्र गुडघ्यांत धरून बसावंच लागतं. पोरगं निदान तेवढा वेळ तरी खुर्चीला टेकेल, एवढाच आजोबांचा हेतू. पोरगं टेकलं, आणि त्या टेकण्यातून चांगला चेलोवादक निघाला. उठल्यावर मात्र भोवरा तो भोवराच.

धाकटे मामा म्हणजे त्याच आईबापांनी केलेली दुरुस्ती. त्यांना जागचं हलवायला भूकंप लागायचा, आणि तोही ओळखीचा. तेही चेलोच शिकले, कारण दुसरं वाद्य आणायला बाहेर जावं लागलं असतं.

दोघंही सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवत. तेव्हाची पद्धत अशी होती की पार्श्वसंगीत चित्राबरोबरच वाजवायचं. वादकांच्या पाठीमागे पडदा, त्यावर मुका सिनेमा चालू, आणि समोर मास्तर, म्हणजे संगीतकार, एक डोळा पडद्यावर आणि एक वादकांवर ठेवून हात हलवताहेत. नायिका वळली की सूर थांबला पाहिजे. आधी थांबला तर ती बिचारी उघडी पडते, नंतर थांबला तर ती घरी गेल्यावर हे कोण रडतंय असं वाटतं. पुढे त्याच संगीताची तबकडी निघायची तेव्हा सगळं नव्यानं वाजवून घेत. मोठं दालन, जास्त वादक, पडदा नाही, घाई नाही. सिनेमातलं संगीत आणि तबकडीतलं संगीत ही सख्खी भावंडं असत, पण जुळी नव्हेत. बहुतेकांना हा फरक कळत नाही आणि न कळल्यानं त्यांचं काही अडत नाही. आमच्या मामांचं आयुष्य मात्र त्या फरकात अडकून बसलं.

एका सिनेमाच्या शेवटी नायक जहाजानं निघून जातो. नायिका धक्क्यावर उभी, आणि मागे एकटा चेलो. त्याचा शेवटचा सूर ती पाठ फिरवेपर्यंत लांबतो, लांबता लांबता थरथरतो, मग ती वळते आणि जहाजाचा भोंगा वाजतो. त्या थरथरीवर थिएटरात रुमाल निघत. तो चेलो थोरल्या मामांचा. पुढच्या वर्षी तबकडी निघाली, तिच्यातला चेलो धाकट्या मामांचा. मास्तरांनी थोरल्याला सोडून धाकट्याला का बोलावलं, हे थोरल्यानं कधी विचारलं नाही आणि धाकट्यानं कधी सांगितलं नाही. पुढे मास्तरही वारले.

विचारलं नाही म्हणजे विसरले, असं नव्हे. त्यांच्याकडे आलेला पाहुणा दोन्ही ऐकल्याशिवाय सुटत नसे. आधी सिनेमातलं, समुद्राच्या गाजेसकट आणि भोंग्यासकट. मग तबकडीतलं, धुऊन इस्त्री केल्यासारखं स्वच्छ. मग मामा येरझाऱ्या घालत विचारायचे, कुठलं? पाहुणे धोरणी असत. ज्याच्या घरी चहा प्यायचा त्याचाच चेलो बरा, हे त्यांना सांगावं लागत नसे. मामांना ते समजायचं, म्हणून समाधान व्हायचं नाही आणि ते दुसरा पाहुणा शोधायचे. एकदा त्यांनी नळदुरुस्तीवाल्याला धरलं होतं. तो म्हणाला, पहिल्यात पाणी गळतंय. फक्त मामी निःपक्षपाती होती. तिच्या मते दोन्ही सारखेच. दोन्ही वेळा चहा गार होतो.

“ती थरथर ऐकलीस?” मामा मला लहानपणापासून सांगत. “त्याला भाव म्हणतात. तबकडीत आहे का? शोध.”

धाकटे मामा आले की मात्र यंत्रावर फडकं पडायचं. दोघं भाऊ मग गुडघेदुखीवर बोलत.

असं सगळं नीट बिघडलेलं चालू असताना त्या जुन्या सिनेमाची नवी प्रत काढणाऱ्या कंपनीचा फोन आला. सिनेमा झाडूनपुसून पुन्हा दाखवणार होते, आणि सोबत संगीताचा संच काढणार होते. मूळ फीत सापडली होती, नुसत्या संगीताची, समुद्राशिवाय आणि भोंग्याशिवाय. पण शेवटी चेलो जरा हललेला वाटतो, म्हणून तिथे तबकडीतला सूर बसवावा असा कंपनीचा विचार होता, सिनेमातही आणि संचातही. दोघा वादकांना एकदा ऐकवावं, म्हणून बोलावणं होतं. म्हणजे सरळ हिशेब असा की कंपनीच्या मनासारखं झालं, तर थोरल्या मामांचा सूर जगात कुठेच उरणार नव्हता.

त्या आठवड्यात मामांनी घरातलं सगळं सामान या भिंतीचं त्या भिंतीला लावलं आणि पुन्हा पहिल्या जागी आणलं. मामी म्हणाली, तू यांच्याबरोबर जा, नाहीतर हे सिग्नलला बस थांबली म्हणून उतरून चालू लागतील. मी गेलो. बसमध्ये ते दांडा धरून उभे होते, बसायला जागा असताना. मध्येच माझ्या कानाशी वाकून म्हणाले, “तुला एक सांगतो, मामीला बोलू नकोस. त्या दिवशी सकाळी दिग्दर्शकाला नायिकेचा चेहरा आवडला म्हणून चित्र लांबवलं होतं. मी चेलोवर गज ओढला नेहमीच्या अंदाजानं. ही बया वळेचना, मास्तरांचा हात थांबेना. इकडे माझा गज संपत आला. थरथरेल नाहीतर काय?”

मी म्हटलं, म्हणजे भाव नव्हता?

“भाव होता रे,” ते म्हणाले, आणि एक स्टॉप गेल्यावर, “पण गज जास्त संपला होता.”

मग मला त्यांची धास्ती कळली. सिनेमात समुद्र होता, रडणारी बाई होती, समोर रडणारे प्रेक्षक होते. इतक्या लोकांच्या घोळक्यात एक सूर लपून जातो. आज तो एकटा उभा राहणार होता, आणि शेजारी धाकटा भाऊ.

कंपनीची खोली भिंतींनासुद्धा गालिचा लावलेली होती. यंत्रावरच्या बाई आमच्या चेलोपेक्षा वयानं लहान असतील, पण वागायला फार मायाळू. धाकटे मामा आधीच येऊन कोचात रुतले होते. थोरल्या मामांना चाकांची खुर्ची मिळाली, आणि बसूनही फिरता येतं हा शोध त्यांना उतारवयात लागला. बाई काय करणार ते सांगत होत्या आणि मामा या टोकाकडून त्या टोकाकडे जात होते. बाईंनी दोनदा मान वळवून त्यांच्याशी बोलायचा प्रयत्न केला आणि मग मधल्या रिकाम्या जागेशी बोलू लागल्या.

तबकडीतला सूर लावायचं त्यांनी जवळजवळ ठरवलंच होतं. तेवढ्यात कोचातून धाकटे मामा म्हणाले की एकदा तो चित्रावर लावून बघा. मला वाटलं, आता हे कशाला आगीत तेल.

बाईंनी लावला. पडद्यावर धक्का, नायिका, आणि धाकट्या मामांचा चेलो. सूर खरोखर सुंदर होता, सायीसारखा. थोरल्या मामांची खुर्ची थांबली. सूर हळूच उतरत उतरत मिटला. नायिका तशीच उभी. आणखी उभी. खोलीत चिडीचूप, आणि ती आपली शेवटची बस चुकल्यासारखी बघते आहे. बऱ्याच वेळानं तिला वळायचं सुचलं. बाईंनी यंत्रानं सूर ताणून पाहिला, तेव्हा बिघडलेल्या फ्रिजची घरघर आली.

“सूर माझ्यापेक्षा चांगला आहे,” थोरले मामा म्हणाले. इतक्या वर्षांत पाहुण्यांकडून जे त्यांनी वदवून घेतलं नाही, ते आज स्वतःच बोलून बसले.

“असेल,” धाकटे म्हणाले. “पण तिला पुरत नाही.”

बाईंनी मग मूळ फीत लावली. गाज नाही, काही नाही. कोवळ्या वयातले थोरले मामा एकटे वाजवत होते. सूर लांबला, आणखी लांबला, आणि आता काही उरलं नाही असं वाटताना थरथरत थरथरत पुढे सरकत राहिला, रिकाम्या खिशातून शेवटचं नाणं चाचपून काढावं तसा. पडद्यावर नायिका वळली. त्या क्षणाला सूर थांबला, आणि फितीतून अगदी स्वच्छ, खणखणीत आवाज आला: “हुश्श.”

त्यामागोमाग फितीतले सगळे वादक हसले. मग मास्तरांचा आवाज: “राहू दे, राहू दे. त्यावर भोंगा पडेल. पुढचं घ्या.”

आमच्या खोलीत कुणी हसलं नाही. बाईंनी हसू गिळलं, ते दिसलं. थोरले मामा भावाकडे वळले, खुर्चीसकट.

“म्हणून तुला बोलावलं?”

“म्हणून.”

“मास्तर काय म्हणाले? खरं सांग बाळ्या.”

“म्हणाले, तुझ्या भावाचा हात सोन्याचा आहे. पण सूर संपला की पोतं खाली ठेवल्यासारखा श्वास सोडतो. सिनेमात भोंगा आहे. तबकडीत मी काय आणून ठेवू?”

“आणि तू मला सांगितलं नाहीस.”

“दादा, तू गावभर सांगत होतास की तो भाव आहे. मी त्यात पोतं कुठे घालू?” धाकट्या मामांनी छातीवर हात ठेवला. मग म्हणाले, “आणि माझं काय झालं ते ऐक. त्यांनी मला श्वास धरून वाजवायला लावलं. गज शिल्लक होता, श्वास संपला. म्हणून लवकर थांबलो. घरी येऊन दोन दिवस छाती दुखत होती.”

थोरले मामा उठले आणि बाहेर गेले. दाराच्या काचेतून ते बोळात डावीकडून उजवीकडे जाताना दिसले, मग उजवीकडून डावीकडे. हात काहीतरी बोलत होते. बाईंनी मला खुणेनं विचारलं की बरे आहेत ना. मी म्हटलं, हे त्यांचं बसणंच समजा.

परत आले तेव्हा बाईंनी निर्णय सांगितला. सिनेमात मूळचाच सूर राहील, तिथे दुसरा बसतच नाही. संचात दोन्ही घालू, आधी हा, मग तबकडीतला. राहता राहिला तो शेवटचा आवाज. सिनेमात तो भोंग्याखाली जाईलच. संचातून तो एका क्षणात पुसून देता येईल, कुणाला पत्ता लागणार नाही.

“पुसा,” थोरले मामा म्हणाले.

तेव्हा धाकटे मामा कोचातून उठले. कुणी हात न देता उठले, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

“बाई, ते पुसणार असाल तर माझाही चेलो पुसा,” ते म्हणाले. “त्या हुश्शवर मला ते काम मिळालं. एवढं मोठं काम आयुष्यात एकदाच मिळालं. ते कशामुळे, ते राहायला नको?”

थोरल्या मामांनी खोलीला एक फेरी घातली. मग बाईंना म्हणाले की राहू दे, पण आवाज जरा कमी करा. बाईंनी केला. धाकटे म्हणाले, आता दमलेला वाटत नाही, कंटाळलेला वाटतो. बाईंनी वाढवला. थोरले म्हणाले, एवढा मोठा मी कधीच बोलत नाही. दोघं भाऊ यंत्रावर दोन्ही बाजूंनी वाकले. ज्या विषयावर जन्मभर फडकं टाकलं होतं, त्यावर आता इतक्या जोरात वाद चालू झाला की शेजारच्या खोलीतून कुणीतरी भिंत वाजवली. बाई निमूटपणे पुन्हा पुन्हा तेवढाच तुकडा लावत होत्या: थरथरणारा सूर, आणि हुश्श.

“अजून थोडा वाढवा,” थोरले मामा म्हणाले.