पेचकसाची मूठ

साऱ्या वऱ्हाडात डिझेल इंजिनावर जीव लावणारी माणसं पुष्कळ असतील, पण इंजिन चावून पाहणारा माणूस एकच झाला: अकोल्याच्या आमच्या तेलगिरणीचा ट्रक चालवणारे ड्रायव्हरमामा. ट्रक लढाईतला, लष्करानं मोडीत काढलेला. मालकांनी त्याचं पेट्रोल इंजिन उतरवून डिझेल बसवलं, आणि मामांचा संसार नव्यानं सुरू झाला. "पेट्रोलची गाडी म्हंजे पाव्हनी," ते म्हणत, "चहा पेते न् चालली जाते. डिझेल घरचं मानूस हाये, बाबू. खोकलते, पन पोतं उचलते."

माणसंही ते चढावरच मोजत. पुतणीला बडनेऱ्याचं स्थळ आलं, तेव्हा मुलाचं शिक्षण-शेती कोणी सांगायच्या आत यांनी विचारलं, "भरल्या गाडीनं चढावर कसा हाये?" मुलगा बिचारा शाळामास्तर होता. शब्द फिरवणाऱ्याला ते 'चढावर गिअर बदलनारा' म्हणत. गिरणीत याहून मोठी शिवी नव्हती.

रोज सकाळी पेंडीची पोती चढण्याआधी मामा बॉनेट उघडत, चालू इंजिनाला हातभर लांब पेचकसाचं टोक लावत आणि त्याची लाकडी मूठ दातांत धरून डोळे मिटत. हमाल ओरडत, "मामा, नाश्ता झाला का?" मामा सावकाश मूठ काढून म्हणत, "हो, बेअरिंग चांगलं हाये." सगळे हसत. मीही हसे. मी गेटपास लिहिणारा कारकून. माल पोचवायला त्यांच्या शेजारी बसून अमरावतीला जाई.

एकदा मूर्तिजापूरच्या पुढे मागून एक बस हॉर्न वाजवून थकली, तरी मामा आपले गुणगुणत मधोमध. मी दंडाला हात लावला. आरशात पाहताच त्यांचा चेहरा उतरला. इंजिनांच्या शेजारी बसून बसून कान गेले होते. दातांतून येई तेवढाच आवाज उरला होता. "कोनाले सांगू नका, बाबू," ते म्हणाले, "गाडी सुटली तं मी कायचा ड्रायव्हर?" मी शब्द दिला. त्या दिवसापासून मागून हॉर्न आला की मी त्यांच्या गुडघ्यावर एक टिचकी मारी, आणि ट्रक आज्ञाधारकपणे डावीकडे सरके.

तो शब्द मी एका चहापायी मोडला. आवारात मालक चहा पीत होते, हमाल भोवती, आणि मला मालकांना हसवायचं होतं. मी म्हणालो, "मामांना चहा विचारायचा असेल तर कप त्यांच्या दातांवर वाजवा. कानांचं दुकान बंद आहे." सगळे हसले. मालक हसले नाहीत. त्यांनी पाठमोऱ्या मामांना हाक मारली. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा मारली. मामा फडक्यानं बॉनेट पुसतच होते.

बहिऱ्या माणसाच्या हाती भरला ट्रक देऊ नये, हे खरंच. पण मी ते त्यासाठी सांगितलं नव्हतं.

मामांची गाडी सुटली. जाताना त्यांनी पेचकसाची मूठ धोतराला पुसली आणि तो माझ्या हातात दिला. "चढावर गिअर बदलला, बाबू. आता तुमी आयका." त्यांना हळू बोलणं जमत नसे, साऱ्या आवारानं ऐकलं.

नव्या ड्रायव्हरचे कान तिखट होते, पण चावून कोण पाहणार? मी तर पेचकस टेबलाच्या खणात दडवला होता. काही महिन्यांत बेअरिंग जळलं. मामा बडनेऱ्याला पुतणीकडे जाऊन राहिले आणि तिथेच वारले. बडनेऱ्यावरून मी कितीदा गेलो. उतरलो एकदाही नाही.

इंजिन मात्र टिकलं. दुरुस्त होऊन ते बडनेऱ्याजवळच्या एका संत्र्याच्या बागेत विहिरीवर बसलं. यंदा हिवाळ्यात, पंधरा वर्षांनी, मी पेचकस घेऊन तिथे गेलो. मुठीवर मामांच्या दातांचे खड्डे अजून आहेत. टोक इंजिनाला लावलं आणि मूठ तोंडात धरली. माझे दात त्या खड्ड्यांत बसेनात. तरी खोकत, ओझं उचलत चाललेल्या आवाजानं डोकं भरून गेलं.

बागवान म्हणाला, मागून त्यानं मला तीनदा हाक मारली. मला ऐकू आली नाही.